पूर्वेच्या भिंतीतलं भोक

६ फेब्रुवारी

आजपासून दोन वह्या. जाड पुठ्ठ्याची कंपनीची आहे, तिच्यात खोलीत काय काम झालं ते लिहायचं. ही पातळ वही मशिदीतल्या साक्षरता वर्गात मिळाली होती, हिच्यात मला वाटेल ते. वर्गातली बाई सांगायची, रोज एक ओळ तरी लिहा, नाहीतर हात विसरतो. चार वर्षांत मी एक ओळ लिहिली नाही. आता लिहिते, कारण मोठ्या वहीत भलतंच काही लिहिलं तर कंपनीची इंजिनियरबाई लाल रेघ मारणार.

मला संस्थेची अध्यक्षा केली तीसुद्धा एवढ्याचसाठी. आम्ही सात बायका, सही एकटीला मला येते. बाकीच्या अंगठा लावतात. तामू म्हणाली, तुला लिहायला येतं, आम्हाला काम करायला येतं, वाटणी झाली. तामू माझी शेजारीण. तिच्या तोंडाला लगाम नाही.

परवाना आला. आम्ही कीफ म्हणतो, कागदावर औषधी गांजा लिहिलंय. शिक्का आहे, सही आहे. ज्या झाडापायी अर्धी वाडी तेरा-तेरा वर्षं डोंगरात लपली, त्याच झाडाला आता शिक्का मिळतो. असो.

कंपनीची अट साधी आहे. एक बंद खोली, दिव्याखाली वाढवलेलं एक पीक, आणि फुलात एकही बी नको. बी पडलं की फूल औषधाला चालत नाही. ऑगस्टमध्ये तपासणार. जमलं तर तीन वर्षांचा करार, सातही जणींना बारमाही काम. नाही जमलं तर खोली पलीकडच्या खोऱ्यातल्या बायकांना, आणि आम्ही पुन्हा परातीवर कापड ताणून वाळलेला कीफ काठ्यांनी झोडपत बसणार, व्यापाऱ्यांसाठी, हिवाळाभर. मी ते वीस हिवाळे केलंय. माझा उजवा हात आता डोक्याच्या वर जात नाही. केस डाव्या हाताने बांधते.

९ फेब्रुवारी

खोली माझ्या घरातलीच ठरली. तळमजल्यावरची, झोडपायची. लांबी माझ्या अकरा पावलांची, रुंदी साडेसहा. इंजिनियरबाईने फीत लावून मोजली आणि तेवढीच भरली, तेव्हा माझ्याकडे जरा नीट बघितलं.

तिचं नाव इबतिसाम. मेकनेस शहरातली, सत्तावीस वर्षांची, पांढरे बूट घालून गोठ्यातून येते. चौकटीच्या कागदावर तिने खोली काढली. कुंड्यांच्या चार रांगा, मधे तीन वाटा. मला कागदावरचं कळत नाही. मी वरून सगळ्या पराती, टोपल्या, कुसकुसचे वाडगे आणवले आणि जमिनीवर कुंड्यांच्या जागी मांडले. मग तामूला म्हटलं, चाल यातून. दोन टोपल्या लाथाडल्या तिने, एक वाडगा फुटला. इंजिनियरबाईला सांगितलं, तुझी वाट तुझ्या मापाची आहे, इथे काम तामू करणार. तामू म्हणाली, मला बारीक करण्यापेक्षा रांग कमी करणं स्वस्त पडेल.

तीन रांगा ठरल्या. कुंड्या जमिनीवर नाही, कमरेइतक्या उंच फळ्यांवर, म्हणजे वाकायला नको आणि खालूनही वारा फिरेल. हे इंजिनियरबाईचं, आणि बरोबर आहे.

१५ फेब्रुवारी

वाऱ्यावरून भांडण.

खोलीला हवा आत यायला एक भोक हवं, खाली. गरम हवा बाहेर जायला एक हवं, समोरच्या भिंतीत वर. दोन्हीकडे पंखे. दिवे इतके तापतात की हवा हलली नाही तर झाडं उकडून निघतील. इथवर माझं काही म्हणणं नाही, भाकरीच्या भट्टीलाही दोन तोंडं लागतात.

तिच्या कागदावर हवा पश्चिमेकडून येते आणि पूर्वेकडून जाते. मी म्हटलं, उलटं कर. पश्चिमेची भिंत दुपारपासून तापते. पूर्वेला डोंगर आहे, तिथून उतरणारी हवा गार असते. माझं दूध मी उन्हाळ्यात पूर्वेच्या कोनाड्यातच ठेवते.

तिने विचारलं, पूर्वेला वर कुणाचं शेत आहे? नकाशात काही दिसत नाही.

मी म्हटलं, कुणाचं नाही. शेळ्या असतात.

शेळ्या असतातच.

तिला अजून पटत नव्हतं. पश्चिमेच्या सगळ्या शेतांत परवान्याचं बियाणं आहे, नर झाडं उपटलेली असतात, ती बाजू मला माहीत आहे, असं काहीबाही म्हणत होती. उद्या दोन्हीकडे तापमापी लावते म्हणाली.

१७ फेब्रुवारी

पूर्वेची हवा चार अंशांनी गार निघाली. फेब्रुवारीतच चार, तर जुलैत किती ते तिनेच बोटांवर मोजलं. पूर्वेचं भोक ठरलं. तिने अट घातली की त्याच्यावर कंपनीचं बारीक विणीचं कापड कायम लावायचं. दोन कापडं दिली, एक धुवायला काढलं की दुसरं चढवायचं. पंखा उघडा एक क्षणही ठेवायचा नाही. तीनदा सांगितलं. मी बहिरी नाही.

गवंडी संध्याकाळपर्यंत भिंत फोडत होता. आमचं घर दगडाचं, हातभर जाडीचं. भोक पडल्यावर मी सहज वाकून बघितलं. सरळ समोर डोंगर, आणि त्यावर अल्लालची झोपडी. धूर निघत होता. म्हणजे चूल पेटवली होती, म्हणजे खोकला बरा असणार. तामूच्या दिराने सांगितलं होतं की खोकतोय.

हे आपलं लिहिलं. भोक हवेसाठी आहे.

१८ फेब्रुवारी

काल लिहिलं ते अर्धवट वाटतं म्हणून पुरं करते. अल्लाल माझा नवरा. तेरा वर्षांपूर्वी कुणीतरी निनावी चिठ्ठी पाठवली, वॉरंट निघालं, तो डोंगरात गेला. आधी उतरायचा अधूनमधून. मग नऊ वर्षांपूर्वी आमच्या मुलीचं, नवालचं लग्न होतं. सगळे म्हणाले, एका संध्याकाळपुरता ये, पोलीस रस्त्यावर आहेत, गावात नाहीत. तो आला नाही. मी निरोप पाठवला, मग वरच राहा. तो वरच राहिला.

गेल्या उन्हाळ्यात सगळ्यांना माफी झाली. डोंगरातले सगळे पुरुष उतरले. अल्लालही उतरला, तालुक्याला जाऊन ओळखपत्र काढलं, बाजारात चहा प्यायला आणि परत वर गेला. मी त्याला बोलावलं नाही. त्याने विचारलं नाही. वर त्याच्या बापाचं जुनं बी पेरतो, दोन-तीन वाफे, परवाना नाही. इंजिनियरबाईला सांगितलं तर उद्या माणसं येऊन उपटतील, आणि त्याचं नाव पुन्हा कुठल्या तरी कागदावर चढेल. म्हणून शेळ्या.

५ मार्च

रमजान. उपवासात चुना लावला. तीन हात. वीस वर्षांची कीफची पूड दगडांच्या फटीत बसलेली, आधी ती घासून काढली. सगळ्या शिंकत होत्या. पांढरी भिंत दिव्याचा उजेड परत फेकते म्हणून चुना. तामू म्हणाली, माझ्या लग्नात घराला एकच हात मारला होता.

उपवास सोडताना बिसारा केला, वाल शिजवून घोटलेला, वर तेल आणि जिरं. इंजिनियरबाई आमच्यातच जेवली. ताट पुसून खाल्लं. आज पहिल्यांदा मला खाल्ती म्हणाली, मावशी. आत्तापर्यंत अध्यक्षा म्हणायची.

१२ एप्रिल

रोपं आली. सगळ्या माद्या, एकाच आईच्या फांद्यांपासून केलेल्या. एकसारख्या इतक्या की बघून बरं वाटत नाही. शेतात दोन झाडं सारखी नसतात.

दिवे संध्याकाळी लागतात, पहाटे विझतात, कारण रात्री बाहेर गार असतं आणि पंख्याला कमी त्रास. म्हणजे झाडांचा दिवस म्हणजे आमची रात्र. तामूला हे फार आवडलं. तिचा नवरा जिवंत होता तेव्हा असाच होता म्हणाली.

२ मे

मोठ्या वहीत आता रकाने आहेत. खोलीत कोण आलं, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. हा सरकारचा नियम आहे. आत गेलेला प्रत्येक माणूस बाहेर आलेला दिसला पाहिजे. मी चार दिवस ‘बाहेर’ लिहायला विसरले. इंजिनियरबाई ओरडली, कागदावर बघितलं तर सात बायका चार दिवस खोलीतच बसल्यात. तामू म्हणाली, मग चार दिवसांची मजुरी द्या. इंजिनियरबाईला सोडून सगळ्या हसल्या. मग तीही हसली.

२१ मे

पहाटे छतावरून थेंब पडतात. झाडं श्वास सोडतात, हवा ओली होते, दगड गार, मग पाणी. दोन पानांवर बुरशीचा ठिपका दिसला, ती पानं मी तोडून चुलीत टाकली आणि मग वहीत लिहिलं. उलटं करायला हवं होतं, आधी लिहून मग तोडायचं, हे नंतर कळलं. कोपऱ्यात हवा अडते आहे. तिथे तिसरा छोटा पंखा बसवला, भिंतीकडे तोंड करून, म्हणजे वारा भिंतीवर आपटून फिरतो, झाडाला थेट लागत नाही. ही माझी युक्ती. थेंब थांबले. इंजिनियरबाईने कागदावर तो पंखा नंतर काढला आणि बाजूला माझं नाव लिहिलं.

४ जून

आजपासून दिव्याचे तास कमी केले. आता फुलं धरतील.

१९ जून

पूर्वेचं कापड भरतंय. पंखा ओढत नाही, खोलीतली हवा जड होते. काढून धुतलं तर पाणी पिवळं. इतकी धूळ कुठून येते कळत नाही, रस्ता तर पश्चिमेला आहे. दुसरं कापड चढवायला गेले तर आठवलं, ते मी चीज गाळायला घेतलं होतं. इतकं बारीक कापड बाजारात मिळत नाही, आणि बकरीच्या दुधाचं चीज त्यात फार छान बसतं. आता त्याला आंबट वास लागलाय, तो पंख्याला लावला तर खोलीभर होईल.

धुतलेलं तासाभरात वाळतं. तेवढा वेळ पंखा उघडा चालला. बंद केला असता तर झाडं गुदमरली असती.

२४ जून

चुन्याने शिंका येतात अजून. डोळे चुरचुरतात. तामूला होत नाही, मलाच. तीन महिने झाले चुना लावून, म्हणजे किती कडक असेल. गवंड्याने जुना चुना दिला असणार. बघते त्याला.

१ जुलै

कापड आता आठवड्यातून दोनदा धुते, मंगळवारी आणि शनिवारी. पिवळं पाणी. फुलं मात्र अशी धरलीत की काय सांगू. जाड, चिकट, पांढऱ्या केसांची. तामू वाटेतून चालते तेव्हा पोट आत घेते, झाडाला लागू नये म्हणून. मी तिला असं कुणासाठीच करताना पाहिलेलं नाही.

शिंका. गवंडी म्हणतो चुना ताजाच होता.

२९ जुलै

बी आहे.

सकाळी मी तिसऱ्या रांगेतलं एक फूल दाबलं, सहज, हाताची सवय. बोटाला टणक लागलं. फोडलं तर बी. हिरवं, पण बी. मग दुसरं, मग तिसरं. पूर्वेकडची रांग सगळ्यात वाईट. पश्चिमेकडच्या रांगेत कमी, पण आहे.

इंजिनियरबाईला फोन केला. तिने कुठल्या रांगेत, किती फुलांत, ते विचारलं. मग म्हणाली, खाल्ती, कुठूनतरी नर झाडांचे पराग आले. कुठून ते मला लेखी हवं. कारण कळलं आणि दुरुस्त झालं तर कंपनी आणखी एक पीक देईल, ते मी मागून घेईन. कारण नाही कळलं तर खोली जाईल. दहा तारखेला येते.

३० जुलै

तामूने केलं. तिच्या जावेच्या शेतात ती खुरपायला जाते आणि तीच शाल घेऊन खोलीत येते. मी सगळ्यांसमोर सांगितलं. तामू म्हणाली, जावेच्या शेतात एक नर दाखव, मी तो खाऊन दाखवते. मी म्हटलं, खाण्यात तुझा हात कोण धरणार. ती उठून गेली. बाकीच्याही तिच्या मागोमाग गेल्या. मोठ्या वहीत सहाजणींच्या नावापुढे ‘बाहेर’ची एकच वेळ.

२ ऑगस्ट

शनिवार, म्हणून कापड धुवायला काढलं. फुकटच, पण सवय. पाणी पिवळं. या वेळी ते ओतलं नाही, परातीत तसंच ठेवलं आणि बघत बसले. वाळल्यावर तळाला पीठ राहिलं. बोटावर घेतलं. मऊ, गव्हाच्या पिठाहून मऊ.

हे पीठ मी चाळीस वर्षं पाहते आहे. जून-जुलैत नर झाड हलवलं की हेच उडतं. लहानपणी आम्ही एकमेकींच्या तोंडाला फासायचो.

मला माहीत होतं आणि मला कळलं नाही. आमच्या शेतात नर नेहमी माद्यांच्या मधोमध उभा. बी हवंच असायचं, पुढच्या वर्षाला. नर उपटायचे ते बी धरून झाल्यावर. त्यामुळे पीठ किती लांब उडतं हे कुणी कधी मोजलंच नाही. पाच हात उडालं तरी काम व्हायचं. डोंगरावरून खोऱ्यात उतरत असेल, गार हवेबरोबर, आणि पंखा ते ओढून घेत असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार. इंजिनियरबाईच्या आलं होतं. तिने विचारलंही होतं.

पूर्वेला नर एकाच शेतात आहेत. वर बर्फ उशिरा वितळतं, पेरणी उशिरा, म्हणून अजून फुललेले आहेत.

कारण लिहायचं तर त्याचं नाव लिहावं लागेल.

४ ऑगस्ट

गेले वर.

खेचर तामूचं, पण तामूकडे कुठल्या तोंडाने मागणार, म्हणून पायी. दीड तास लागायचा, अडीच लागले. गुडघा दोनदा अडकला. वाटेत काय बोलायचं ते ठरवत गेले आणि वर पोचेपर्यंत सगळं विसरले.

तो दाराशी मका सोलत होता. केस सगळे पांढरे. मला बघून उठला नाही. मेंढीचं कातडं थोडं सरकवलं, जागा केली.

मी उभ्यानेच म्हटलं, "नर उपट." नऊ वर्षांनी पहिला शब्द.

तो म्हणाला, "आधी बस. मग उपटू."

मी बसले. त्याने चहा टाकला, शिबाची पानं घालून, कडू. साखर मला लागते तेवढीच. मी सगळं सांगितलं, खोली, भोक, कापड, बी, दहा तारीख. तो मधे बोलला नाही. त्याची ही सवय मला तेव्हाही आवडत नव्हती.

मग म्हणाला, "बापाचं बी आहे. नर काढले तर यंदा बी धरणार नाही."

"तुझ्या डब्यात तीन वर्षांचं पडलंय."

"तुला काय माहीत?"

"तू दरवर्षी तीन वर्षांचं ठेवतोस. घाबरट आहेस."

तो हसला. दात दोन कमी झालेत. मग हात करून खाली दाखवलं. आमचं घर तिथून काडेपेटीएवढं दिसतं. म्हणाला, "ते भोक इथून दिसतं. संध्याकाळी दिवे लागले की चौकोन उजळतो. फेब्रुवारीत गवंडी फोडत होता तेव्हा मला वाटलं, ही आता माझ्यावर नजर ठेवणार."

मी म्हटलं, भोक हवेसाठी आहे.

"असेल. मंगळवारी आणि शनिवारी तू कापड वाळत घालतेस. तेवढा वेळ भोक काळं दिसतं. मला वाटायचं, मुद्दाम करतेस, मला कळावं म्हणून."

मी उठले आणि वाफ्यात शिरले. दोन ओळी मी उपटल्या, बाकीच्या त्याने. पीठ इतकं उडत होतं की मला शिंकांवर शिंका. सतरा झाल्या. तो मोजत होता. म्हणाला, तुझं दरवर्षीचंच आहे हे, लग्नाच्या पहिल्या जूनपासून, नर फुलले की तुझं नाक वाहतं. मी तेव्हा तुला शेतात यायला नको म्हणायचो ते यासाठी.

मला वाटायचं, मला काम येत नाही म्हणून नको म्हणतो.

उपटलेले नर खड्ड्यात पुरले, वर दगड. उतरताना त्याने काठी दिली. वाटेत गवंड्याच्या घरासमोरून आले. त्याला चुन्याबद्दल काही बोलले नाही.

६ ऑगस्ट

तामूकडे गेले. ती भाकरी भाजत होती, माझ्याकडे पाठ. मी सांगितलं, शाल नव्हती, माझं कापड होतं, आणि दुसऱ्यात मी चीज गाळत होते. ती भाजत राहिली. मग म्हणाली, ते चीज तू मलाही दिलं होतंस. मी म्हटलं, हो. म्हणाली, म्हणजे कंपनीचं नुकसान मीही खाल्लं. गरम भाकरी माझ्या हातात आपटली. संध्याकाळी सगळ्या खोलीत आल्या.

८ ऑगस्ट

मोठ्या वहीत कारण लिहिलं. चार वेळा लिहून बघितलं या वहीत, मग तिकडे. हे असं:

‘पूर्वेचं भोक माझ्या हट्टाने पाडलं. पूर्वेला नर होते. मला माहीत असून मी नाही म्हणून सांगितलं. कापड धुताना पंखा उघडा ठेवला. दुसरं कापड घरात वापरलं. नर आता उपटले आहेत. भोक पश्चिमेला करावं. अध्यक्षा रहीमू.’

कुणाचे नर ते लिहिलं नाही. विचारलं तर सांगणार नाही, खोली गेली तरी. इतर सहाजणींना हे सांगितलं. मला वाटलं होतं भांडतील. कुणी भांडलं नाही. त्यांच्यातल्या चौघींचे नवरे डोंगरातूनच उतरलेत.

१० ऑगस्ट

इंजिनियरबाई आली. आधी फुलं बघितली, मग वही वाचली, दोनदा. मग भोकाशी गेली, वाकली, आणि बराच वेळ समोरच्या डोंगराकडे बघत राहिली. झोपडीतून धूर निघत होता, नेमका.

"शेळ्या," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो."

"खाल्ती, शेळ्या चूल पेटवतात का?"

तामूने तोंडात शालीचं टोक कोंबलं.

ती सरळ झाली, गुडघ्यांवरचा चुना झटकला. म्हणाली, माझं काम खोलीपुरतं आहे, डोंगराचं नाही. पण यापुढे मी विचारलं की खरं सांगायचं, मी तुमच्या बाजूने भांडायला जाते तेव्हा माझ्या हातात खरं लागतं. खोटं घेऊन गेले तर मला मेकनेसला परत पाठवतील आणि तुम्हाला झोडपायला. मी म्हटलं, सांगेन. वाईट वाटलं. पोरीने माझ्या पंख्याला माझं नाव दिलं होतं.

मग तिने चौकटीचा नवा कागद काढला. हवा पश्चिमेकडून खालून घ्यायची, गरम हवा तिथल्याच वरच्या जुन्या भोकातून जाणार, सावलीला बाहेरून वेलाचा मांडव, म्हणजे भिंत तापणार नाही. मांडव मी सुचवला. पूर्वेचं भोक दगडाने बंद. नव्या भोकाला पांढरं कापड लावून तीन दिवस पंखा चालवायचा, मग त्याचं पाणी बघायचं. पाणी स्वच्छ निघालं तर सप्टेंबरला नवी रोपं. तेवढं ती कंपनीकडून लेखी घेऊन आली होती. आधीच आणलं होतं, पिशवीत. आधी दाखवलं नाही.

हे पीक मात्र गेलं. सगळं तिच्यासमोर उपटून जाळायचं, नियम आहे. जाळलं. तामू रडली. मी नाही. धुराने डोळ्यांत पाणी आलं तेवढंच.

१३ ऑगस्ट

गवंडी म्हणतो, पंधरा दिवस सवड नाही. चुन्यावरून चिडलाय. तामूच्या दिराबरोबर वर निरोप पाठवला. डोंगरात जायच्या आधी अल्लाल भिंतीच बांधायचा, या घराची पूर्वेची भिंत त्याच्याच हातची. निरोप एवढाच दिला की भिंत बुजवायची आहे.

१५ ऑगस्ट

सकाळी उतरला. खेचरावर छिन्नी, हातोडा, थापी. आणि मागे बांधलेली वळकटी. मला वाटलं दगडाखाली घालायला जुनं काहीतरी असेल.

दाराशी थांबला. आत येऊ का, असं विचारलं, स्वतःच्याच घरात. मी म्हटलं, आधी वहीत नाव लागतं, नियम आहे. नाव लिहिलं, अल्लाल, आत सव्वाआठ.

आधी पश्चिमेचं भोक पाडलं. मग पूर्वेचं बुजवायला घेतलं. दगड एकेक फिरवून बघतो, बसेल तोच लावतो, पूर्वीसारखाच हळू. मी दोनदा सांगितलं, लवकर आटप. शेवटचा दगड हातात धरून म्हणाला, "आता वरून काही दिसणार नाही."

मी म्हटलं, "वर बसून बघायचं काय आहे?"

त्याने दगड बसवला.

१८ ऑगस्ट

पांढरं कापड तीन दिवसांनी काढलं. सातही जणी परातीभोवती बसल्या. धुतलं. पाणी तळापर्यंत दिसत होतं, परातीतली नक्षी मोजता आली. इंजिनियरबाईला फोनवर फोटो पाठवला, तिने उत्तरात नुसती तारीख लिहिली, सप्टेंबरची पहिली.

रात्री मोठी वही तपासली, उद्या ती बघणार म्हणून. सगळं बरोबर आहे. पंधरा तारखेला एक राहिलंय. अल्लाल, आत सव्वाआठ, बाहेरचा रकाना रिकामा. ओरडेल. वेळ आठवून लिहावी म्हणून बसले, पण तो वरच्या खोलीत झोपलाय, आणि खोकतो आहे, तेव्हा आधी त्याला शिबाचा चहा टाकते.